किनेक्ट ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय चालत नाही?

डिझर्टेशनचा हंगाम सुरू झाला की दर वर्षी कुणीतरी ज्युनियर लॅबच्या दारात येऊन म्हणतं, "ताई, किनेक्ट चालत नाहीये." माझा ठरलेला प्रश्न असतो, "चालत नाही म्हणजे काय होतंय?" बहुतेकांना हा प्रश्न आगाऊ वाटतो. पण ‘चालत नाही’ या दोन शब्दांत किमान पाच-सहा वेगवेगळे बिघाड लपलेले असतात, आणि त्यातले एक-दोन तर बिघाडच नसतात. शिवाय एक बिघाड असा आहे की तो झाला तरी किनेक्ट अगदी झकास चालताना दिसतो. सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

ज्यांनी हे उपकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० या घरगुती गेम कन्सोलसाठी नोव्हेंबर २०१० मध्ये किनेक्ट बाजारात आणला. टीव्हीजवळ ठेवायचा, समोर उभं राहायचं आणि हातात काहीही न धरता नुसतं अंग हलवून गेम खेळायचा. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले. गेम खेळणाऱ्यांइतकाच आनंद संशोधकांना झाला, कारण तोवर खोली मोजणारा, म्हणजे प्रत्येक बिंदू किती अंतरावर आहे हे सांगणारा कॅमेरा घ्यायचा तर हजारो डॉलर लागत. हा खेळण्यांच्या दुकानात दीडशे डॉलरला मिळत होता. अडाफ्रूट या अमेरिकन कंपनीने मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं आणि आठवडाभरात हेक्टर मार्टिन याने ते जिंकलंही. त्यानंतर रोबोटिक्सपासून फिजिओथेरपीपर्यंत सगळीकडे हा काळा लांबट डबा पोचला. उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं, पण आपल्याकडच्या कित्येक लॅबच्या कपाटात तो अजून आहे. बजेट नसलेल्या प्रोजेक्टला आजही तोच उपयोगी पडतो.

फाईलमधला आकडा येतो कुठून

किनेक्टच्या तोंडावर तीन ‘डोळे’ दिसतात. त्यातला एका टोकाचा डोळा नाहीच, तो प्रोजेक्टर आहे. ८३० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरने तो समोरच्या सगळ्या दृश्यावर हजारो ठिपक्यांची एक ठरावीक नक्षी टाकतो. आपल्याला ती दिसत नाही. दुसऱ्या टोकाला अवरक्त कॅमेरा आहे, तो ही नक्षी बघतो. मधला साधा रंगीत कॅमेरा, त्याचा खोली मोजण्याशी काही संबंध नाही.

प्रोजेक्टर आणि अवरक्त कॅमेरा यांच्यात साधारण साडेसात सेंटिमीटर अंतर आहे. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा मिटून बघा, बोट इकडेतिकडे सरकल्यासारखं दिसतं. बोट जवळ असेल तर जास्त सरकतं, लांब नेलं तर कमी. इथेही तेच. ठरावीक अंतरावर नक्षी कशी दिसते हे किनेक्टच्या चिपमध्ये साठवलेलं असतं. समोर दिसणारी नक्षी त्या मानाने किती सरकली आहे यावरून ती अंतर काढते. याला त्रिकोणमापन म्हणतात. यातून सेकंदाला ३० वेळा ६४० गुणिले ४८० बिंदूंचं खोलीचं चित्र तयार होतं.

मग हे चित्र यूएसबीतून कॉम्प्युटरमध्ये येतं. तिथे सॉफ्टवेअर त्यात माणूस शोधतं आणि त्याच्या २० सांध्यांच्या जागा सांगतं. त्यावर हवं तर गुळगुळीत करणारा फिल्टर बसतो. आणि मग तुमच्या फाईलमध्ये ‘डावा गुडघा’ या रकान्याखाली तीन आकडे पडतात.

म्हणजे तुम्ही ज्याला ‘मोजमाप’ म्हणता तो आकडा प्रकाश, भूमिती, वायर, अंदाज आणि फिल्टर अशा सगळ्यांच्या हातातून आलेला आहे. यातल्या कुणीही घोटाळा केला तरी दोष दिसतो शेवटच्या रकान्यातच.

म्हणून माझी पद्धत घरी येणाऱ्या वायरमनची आहे. ट्यूब लागत नसेल तर तो आधी भिंत फोडत नाही. दुसऱ्या खोलीतली चालू ट्यूब आणून इथे लावतो. ती लागली तर जुनी ट्यूब गेली, नाही लागली तर दोष पट्टीत किंवा वायरिंगमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं. ऐकायला इतकं सोपं आहे की कुणी करत नाही. घाबरलेला विद्यार्थी एकाच वेळी केबल बदलतो, ड्रायव्हर पुन्हा टाकतो, विंडोज रीस्टार्ट करतो आणि मग ते चालू झालं तर कशामुळे झालं हे त्याला कधीच कळत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लॅबच्या दारात.

वीज आणि वायर

हा भाग पटकन उरकू, कारण इथला बिघाड प्रामाणिक असतो. काहीच दिसत नाही, म्हणजे फसायचा प्रश्न नाही.

साध्या यूएसबी २ पोर्टमधून जास्तीत जास्त अडीच वॅट मिळतात. किनेक्टला १२ व्होल्टचा, साधारण १२ वॅटचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. सेकंडहँड घेताना बऱ्याचदा हा अ‍ॅडॉप्टर हरवलेला असतो. गंमत अशी की अ‍ॅडॉप्टरशिवायही कॉम्प्युटर ‘काहीतरी’ जोडलंय असं दाखवतो. किनेक्टच्या पोटात मोटर, कॅमेरा आणि ऑडिओ अशी तीन वेगळी उपकरणं आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त मोटर दिसत असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका, भिंतीतलं बटण बघा. मायक्रोसॉफ्टची एसडीके वापरत असाल तर ती स्वतःच ‘नॉट पॉवर्ड’ असं सांगते. ते वाचायचं मात्र आपण असतं.

तीच एसडीके कधी ‘इनसफिशियंट बँडविड्थ’ म्हणते. हिशोब करून बघा. खोलीच्या एका बिंदूला ११ बिट, असे ३,०७,२०० बिंदू, सेकंदाला ३० वेळा: साधारण १०१ मेगाबिट. त्यावर रंगीत चित्र. यूएसबी २ ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिट आहे, म्हणजे पुरायला हवं असं वाटतं. पण किनेक्ट आपली जागा आधीच राखून ठेवतो, रेल्वेच्या रिझर्व्हेशनसारखी. त्यामुळे एकाच यूएसबी कंट्रोलरवर दोन किनेक्ट नीट चालत नाहीत, आणि एक किनेक्ट अधिक वेबकॅम अधिक हार्ड डिस्क असा संसारही बिनसतो. लक्षात घ्या, लॅपटॉपला तीन भोकं आहेत म्हणजे तीन कंट्रोलर आहेत असं नाही. हब लावून तर काहीच वाढत नाही. इथे वायरमनची पद्धत अशी: बाकी सगळं काढा, किनेक्ट एकटाच लावा. चालला, तर एकेक गोष्ट परत जोडा.

अजून एक. किनेक्टची मान वर-खाली करायला आत मोटर आहे, दोन्हीकडे २७ अंशांपर्यंत. ती हाताने वळवू नका. आतली दातेरी चाकं नाजूक आहेत आणि आता सुटे भाग मिळणं कठीण.

प्रकाश

खोलीच्या चित्रात काळे डाग पडतात, भोकं पडतात, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. आधी एक गोष्ट सांगते: माणसाच्या एका बाजूला जी काळी पट्टी सावलीसारखी दिसते तो बिघाड नाही. प्रोजेक्टर आणि कॅमेरा वेगळ्या जागी असल्यामुळे अंगामागचा थोडा भाग कॅमेऱ्याला दिसतो पण तिथे ठिपके पोचलेलेच नसतात. त्रिकोणमापन हवं असेल तर ही सावली सोबत येणारच. दिसायला ती वाईट दिसते, एवढंच.

खरी भोकं वेगळी. त्यांचं पहिलं कारण ऊन. सूर्यप्रकाशात ८३० नॅनोमीटरच्या आसपासचाही प्रकाश भरपूर असतो आणि त्यापुढे लेसरचे ठिपके बुडून जातात. पश्चिमेला खिडकी असलेल्या लॅबमध्ये सकाळचा डेटा चांगला आणि दुपारी चारनंतरचा खराब येतो तो यामुळेच. आता विचार करा, तुम्ही निरोगी लोकांना सकाळी बोलावलं आणि पेशंटना ओपीडी संपल्यावर दुपारी, तर तुमच्या दोन गटांमधला फरक आजाराचा की उन्हाचा? पडदा लावून एकदा आणि न लावता एकदा रेकॉर्ड करा, पाच मिनिटांचं काम आहे. जुने पिवळे बल्बसुद्धा भरपूर अवरक्त प्रकाश टाकतात. एलईडी ट्यूबचा त्रास जवळपास नाही.

दुसरं कारण पृष्ठभाग. काच, आरसा, स्टीलच्या खुर्चीचे हात, पॉलिश केलेली फरशी यांच्यावर पडलेले ठिपके भलतीकडे परावर्तित होतात. काळे दाट केस प्रकाश गिळतात. कपड्यांच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका: आपल्याला काळा दिसणारा कपडा अवरक्त प्रकाशात चक्क पांढुरका दिसू शकतो, रंग कुठला वापरलाय त्यावर ते ठरतं. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा किनेक्टचं अवरक्त चित्रच उघडून बघा. ठिपके दिसतायत की नाहीत, एवढं एका नजरेत कळतं.

आणि ही भोकं फाईलमध्ये कशी येतात ते बघा. जिथे अंतर कळलं नाही तिथे शून्य लिहिलेलं असतं. या शून्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा आहे, ‘सेन्सरला चिकटून’ असा नाही. पण पायथॉनला हे कोण सांगणार? समजा भिंत २००० मिलिमीटरवर आहे. तुम्ही ३० फ्रेमची सरासरी काढली आणि त्यातल्या तीन फ्रेममध्ये त्या बिंदूला शून्य होतं. सरासरी येते १८००. भिंत २० सेंटिमीटर पुढे आली! कुठेही एरर नाही, लाल अक्षर नाही. सरासरी काढण्याआधी शून्यं बाजूला काढा आणि किती काढली तेही लिहून ठेवा.

दोन किनेक्ट समोरासमोर लावले तर एकाचे ठिपके दुसऱ्याला दिसतात आणि दोघेही गोंधळतात. यावर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या गटाने काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी किनेक्टला एक छोटी थरथरणारी मोटर चिकटवली, बस. किनेक्टचा स्वतःचा प्रोजेक्टर आणि स्वतःचा कॅमेरा एकत्रच थरथरतात, त्यामुळे त्याला आपली नक्षी स्थिर दिसते. दुसऱ्याची नक्षी मात्र फिसकटते आणि निकामी होते. महागडं काही न घेता, फक्त काय कशाच्या सापेक्ष हलतंय याचा विचार करून.

अंतर

"ताई, भिंत सपाट आहे पण चित्रात पायऱ्या दिसतात." हाही बिघाड नाही. त्रिकोणमापनात अंतराची पायरी किती मोठी हे अंतराच्या वर्गावर ठरतं. किनेक्ट नक्षीचं सरकणं साधारण एक अष्टमांश पिक्सेलपर्यंत ओळखतो. कॅमेऱ्याची नाभीय लांबी साधारण ५८० पिक्सेल आणि दोघांमधलं अंतर ०.०७५ मीटर धरा, त्यांचा गुणाकार ४३.५. आता अंतराचा वर्ग करा, त्याला ४३.५ ने भागा, मग ८ ने भागा. एक मीटरवर पायरी येते साधारण ३ मिलिमीटर. दोन मीटरवर साडेअकरा. चार मीटरवर ४६ मिलिमीटर! म्हणजे चार मीटरवर उभ्या असलेल्या माणसाची छाती श्वासाने किती हलते हे एका बिंदूवरून मोजायला निघालात तर तुम्ही पायऱ्या मोजताय. इथे सेन्सर बदलून फायदा नाही, माणसाला जवळ बोलवा.

हा हिशोब प्रपोजल लिहायच्या आधी करायचा असतो. मी गाईडकडून शिकलेली सर्वांत उपयोगी सवय कदाचित हीच: मला जो फरक दाखवायचा आहे तो किती मिलिमीटरचा, आणि यंत्राची पायरी किती मिलिमीटरची, हे दोन आकडे एका ओळीत शेजारीशेजारी लिहायचे.

जाता जाता: किनेक्ट सुरू केल्यावर तापतो आणि तापमान बदललं की मोजलेलं अंतरही थोडं सरकतं. अर्धा तास चालू ठेवून मग रेकॉर्डिंग सुरू करा. सरकतंय का हे बघायला कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी अंतर नोंदवा. आलेख आडवा झाला की कामाला लागा.

आणि तो, जो चालताना दिसतो

आता सुरुवातीला म्हटलेला बिघाड.

खोलीच्या चित्रातून माणसाचे सांधे काढायची पद्धत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. कल्पना सुंदर आहे. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला विचारायचं, तू शरीराच्या कुठल्या भागाचा? असे ३१ भाग त्यांनी ठरवले होते. उत्तर देणारं मॉडेल, रँडम फॉरेस्ट, मुख्यतः कॉम्प्युटरवर तयार केलेल्या कृत्रिम देहांच्या चित्रांवर शिकवलेलं होतं. म्हणजे सांध्याची जागा ही अंतरासारखी ‘मोजलेली’ नसते, शिकलेल्या अनुभवावरून ‘ओळखलेली’ असते. गेम खेळायला ते उत्तम. समोर तोंड करून उभा असलेला, हातपाय मोकळे असलेला माणूस ही त्याची आवडती परिस्थिती.

आमच्या एका ज्युनियरचा विषय होता, वयस्क माणसं खुर्चीतून उठताना गुडघा कसा वाकतो. गुडघेदुखीच्या पेशंटसाठी पुढे उपयोगी पडेल असं काम, आणि एक फिजिओथेरपिस्ट मॅडम सोबत होत्या. किनेक्ट बाजूला ठेवला होता, म्हणजे उठताना माणूस आडवा दिसेल. पुस्तकात तशीच आकृती असते. दोन आठवडे रेकॉर्डिंग झालं. सांगाडा पडद्यावर छान हलत होता, फाईल पूर्ण, एकही रिकामी जागा नाही. आलेख काढले तर जवळपास प्रत्येकाचा डावा गुडघा उजव्यापेक्षा खूपच कमी वाकत होता.

मॅडम म्हणाल्या, "अगं, एवढ्या सगळ्यांचाच डावा गुडघा आखडलेला कसा असेल?" हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर काय झालं असतं याचा विचार करा. ‘उठताना डाव्या पायावर कमी भार’ असा निष्कर्षही निघाला असता, आणि त्याला स्पष्टीकरणही सापडलं असतं. स्पष्टीकरणं नेहमीच सापडतात.

आम्ही सॉफ्टवेअरला हात लावला नाही. खुर्ची उचलून उलट दिशेला तोंड करून ठेवली आणि लॅबमधल्याच दोघांना उठा-बसायला लावलं. आता उजवा गुडघा आखडला! दोष गुडघ्याबरोबर न जाता कॅमेऱ्यापासून दूरच्या पायाबरोबर गेला. दूरचा पाय जवळच्या पायाआड लपत होता आणि सॉफ्टवेअर त्याची जागा अंदाजाने भरत होतं.

हे सॉफ्टवेअर लपवत नाही, हे महत्त्वाचं. प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक सांध्याबरोबर एक खूण येते: ‘ट्रॅक्ड’, ‘इन्फर्ड’ किंवा ‘नॉट ट्रॅक्ड’. ‘इन्फर्ड’ म्हणजे दिसला नाही, आजूबाजूच्या दिसलेल्या भागांवरून ठरवला. पण तयार कोड उचलून फक्त तीन आकडे फाईलमध्ये लिहिले की ही खूण वाटेतच गळून पडते. उरलेल्या आकड्यांत पाहिलेलं कुठलं आणि कल्पिलेलं कुठलं हे मग कुणालाच सांगता येत नाही, अगदी ते लिहिणाऱ्यालाही.

वरून एसडीकेचा फिल्टर. सांध्यांची थरथर दिसू नये म्हणून तो आधीच्या फ्रेम विचारात घेऊन आकडे गुळगुळीत करतो. गेममध्ये हे हवंच. पण तो शिखरं बुटकी करतो आणि थोडी उशिरा आणतो, म्हणजे ‘गुडघा जास्तीत जास्त किती आणि कधी वाकला’ हेच शोधत असाल तर तो नेमका तुमच्या प्रश्नावरच इस्त्री फिरवतो. मुळात फिल्टर न लावलेला डेटा साठवा. गुळगुळीत नंतर करता येतं, परत खडबडीत करता येत नाही.

खूण आधीच गळून गेली असेल तर जुना डेटा तपासायचा एक साधा मार्ग आहे. प्रत्येक फ्रेममध्ये कंबर ते गुडघा अंतर काढा. मांडीचं हाड काही उठताना लांब-आखूड होत नाही. पण किनेक्ट हाडाची लांबी कायम राहिलीच पाहिजे अशी सक्ती करत नाही, त्यामुळे अंदाज चुकला की मांडी ताणते किंवा आक्रसते. हा आलेख आडवा नसेल तिथे कोनावर विश्वास ठेवू नका. आमच्या ज्युनियरच्या जुन्या फाईलींत दूरची मांडी रबरासारखी वागत होती.

उपाय काय केला? खुर्ची तिरकी ठेवली, म्हणजे दोन्ही गुडघे कॅमेऱ्याला दिसतील. कोन तीन मितींतल्या बिंदूंवरून काढायचा असल्यामुळे माणूस अगदी आडवा दिसायची गरजच नव्हती. ती सवय साध्या व्हिडिओवर कोन मोजण्याच्या काळातली. कुणीतरी सुचवलं होतं की एसडीकेचा ‘सीटेड मोड’ वापर, माणूस बसलेलाच आहे ना. नाव बघून तसं वाटतंच. पण तो मोड फक्त कमरेवरचे १० सांधे देतो, पाय त्यात नाहीतच.

एक अडचण मात्र कोडने सुटली नाही. साडी. निऱ्यांच्या मागे दोन पाय हे एकच सलग पृष्ठभाग होऊन जातात आणि गुडघा कुठे आहे हे माणसालाही नीट सांगता येत नाही, किनेक्ट कुठून सांगणार. काही आज्जींनी सलवार घालायला हसत होकार दिला, काहींनी स्पष्ट नाही म्हटलं. संमतीपत्रावर सही घेतलेली असली तरी नाही म्हणायचा त्यांचा हक्क आहे. त्यांचे आकडे वापरायचे नाहीत असं ठरलं, आणि कितीजणींचे, का वापरले नाहीत, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं. यामुळे तिचे निष्कर्ष कुणाला लागू होतात आणि कुणाला नाही हेही तिला लिहावं लागलं. परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच परिच्छेदावर विचारला आणि तिच्याकडे उत्तर होतं.

तुम्ही लिहाल तेव्हा प्रत्येक सांध्यासाठी किती टक्के फ्रेम ‘इन्फर्ड’ होत्या हा रकाना निकालाच्या तक्त्यातच द्या, परिशिष्टात नको. आणि ‘इन्फर्ड’ फ्रेम काढून टाकून मधली जागा सरळ रेषेने जोडणार असाल तर तेही सांगा. नाहीतर सॉफ्टवेअरच्या अंदाजाच्या जागी तुमचा अंदाज आला, एवढंच.

तुमच्याकडे दुसरा किनेक्ट असेल तर

२०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर आलेला किनेक्ट दिसायला भाऊ वाटला तरी आतून वेगळा आहे. तो ठिपके टाकत नाही. ठरावीक लयीत कमीजास्त होणारा अवरक्त प्रकाश सोडतो आणि परत आलेला प्रकाश त्या लयीत किती मागे पडला यावरून अंतर काढतो. त्यामुळे वरचा अंतराच्या वर्गाचा हिशोब त्याला जसाच्या तसा लावू नका. उन्हात तो जरा बरा टिकतो. त्याला यूएसबी ३ लागतं आणि काही कंट्रोलरवर तो चालतच नाही, तेव्हा विकत घेण्याआधी तुमच्याच लॅपटॉपवर लावून बघा. कॉम्प्युटरला जोडायचा अ‍ॅडॉप्टर वेगळा असतो आणि तो आता शोधावा लागतो, म्हणून अ‍ॅडॉप्टरसकटच मागा.

त्याची फसवायची तऱ्हाही वेगळी आहे. वस्तूच्या कडेवरच्या बिंदूत थोडा प्रकाश हातावरून येतो आणि थोडा मागच्या भिंतीवरून. जुना किनेक्ट अशा ठिकाणी बऱ्याचदा शून्य लिहितो. हा दोघांचं मिश्रण करून हात आणि भिंत यांच्या मधलंच एखादं अंतर सांगतो, जिथे खरं तर हवा आहे. यांना उडते पिक्सेल म्हणतात. शून्यं गाळून ते जात नाहीत, कारण ते शून्य नसतातच. शेजारच्या बिंदूंपासून अचानक तुटलेले बिंदू शोधून काढावे लागतात. सांधे २० ऐवजी २५ आहेत, आणि ‘ट्रॅक्ड’, ‘इन्फर्ड’ची खूण तिथेही येते. कोड लिहिताना पहिल्याच दिवशी तिच्यासाठी एक रकाना ठेवा.